बंद पडतो म्हणून भंगारात? आधी नाडी तरी बघा!



आजचे युग हे विज्ञानयुग आहे, संगणकयुग आहे, असे आपण परिपाठाच्या वेळी पुष्कळदा ऐकतो. परंतु नुसता संगणक विकत आणला म्हणजे संगणकयुग आले असे होत नाही. आणलेला संगणक बिघडला तर तो कशामुळे बिघडला हे शोधून काढणे, हेसुद्धा संगणकयुगच आहे. खरे म्हणजे तेच विज्ञानयुग आहे.

आपल्या शाळेतला जुना संगणक चालता चालता टपकन बंद पडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. चित्र रंगवून होत आले की बंद. निकालपत्रक टाइप होत आले की बंद. बाई पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. आता येत्या पालकसभेत असा विषय निघणार आहे, की हा संगणक भंगारात द्यावा आणि लोकवर्गणी काढून नवा घ्यावा. माझे मत थोडे वेगळे आहे. नवा संगणक नको असे मी म्हणत नाही. नवा कोणाला आवडणार नाही? माझे म्हणणे एवढेच आहे, की आधी रोग ओळखावा आणि मग औषधाचा खर्च करावा. नाहीतर आपल्याकडे म्हण आहेच, हाल्याला रोग आणि पखालीला इंजेक्शन!

वर्गणी कुठून येते ते आठवा

लोकवर्गणी म्हणजे झाडाची पाने नव्हेत. कोणाच्या घरी ती सोयाबीनच्या पट्टीतून येते, कोणाच्या घरी दुधाच्या पगारातून, तर कोणाच्या घरी खुरपणीच्या मजुरीतून. असा पैसा एकदा जमतो, दरवर्षी जमत नाही. तो एका यंत्रावर घालायचा असेल तर आधी एका प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे. बिघाड संगणकात आहे की संगणकाच्या बाहेर आहे?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समजा, बिघाड भिंतीतल्या ढिल्या प्लगात आहे, किंवा गावच्या कमी-जास्त होणाऱ्या विजेत आहे. मग नवा संगणक आणून आपण तो कुठे लावणार? त्याच भिंतीला, त्याच प्लगाला, त्याच विजेवर! मग तोही टपकन बंद पडेल. तेव्हा वर्गणीही गेलेली असेल आणि जुना संगणकही भंगारवाल्याच्या गाडीवर गेलेला असेल. म्हणून निदान करायचे ते जुन्या संगणकाच्या प्रेमापोटी नव्हे. नवा घ्यायचा असेल तरी निदान करावेच लागेल.

"बंद पडतो" म्हणजे नक्की काय होते?

डॉक्टरकडे गेल्यावर आपण नुसते "बरं वाटत नाय" म्हणालो तर डॉक्टर गोळी देत नाहीत. ताप आहे का, थंडी वाजते का, केव्हापासून, असे विचारतात. तसेच इथे विचारले पाहिजे. बंद पडण्याचे निदान चार प्रकार आहेत.

१. एकदम अंधार. पडदा, आवाज, पंखा सगळे एका क्षणात थांबते, जणू कोणी वायर उपटली. असे झाले तर संशय वीज, उष्णता, आतला वीजपुरवठा किंवा मुख्य बोर्ड यांच्यावर घ्यावा.

२. बंद होऊन आपोआप पुन्हा चालू होणे. यातही वीज असू शकते. पण विंडोज ही प्रणाली मोठी चूक आली की आपणहून पुन्हा सुरू होते, तेही कारण असू शकते.

३. निळा पडदा येणे. त्यावर इंग्रजी अक्षरे येतात आणि मग संगणक पुन्हा सुरू होतो. हे बहुधा स्मरणपट्टी म्हणजे रॅम, हार्ड डिस्क किंवा एखादा चुकीचा ड्रायव्हर यांचे लक्षण असते. तो पडदा लगेच निघून जातो म्हणून वाचता येत नाही. आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये बंद केली, की पडदा थांबतो आणि अक्षरे वहीत उतरवून घेता येतात.

४. रीतसर बंद होणे. "बंद होत आहे" अशी सूचना येते, फिरते गोल दिसते आणि मग तो थांबतो. इथे यंत्राचा दोष बहुधा नसतो. कोणीतरी वेळ लावून ठेवलेली असते, किंवा प्रणालीची नवी दुरुस्ती बसवली जात असते.

आता मला सांगा, या चारही गोष्टींना आपण एकच नाव देतो, "बंद पडतो". मग उपाय कसा सापडणार?

एक वही, एक पेन्सिल

निदानाचे पहिले हत्यार स्क्रू-ड्रायव्हर नव्हे, वही आहे. संगणकाशेजारी एक वही दोरीने बांधून ठेवावी. बंद पडला, की जो कोणी बसला असेल त्याने पाच गोष्टी लिहाव्यात. तारीख आणि वेळ, सुरू करून किती मिनिटे झाली होती, कोणते काम चालू होते, बंद कसा पडला (वरच्या चारपैकी कोणता प्रकार), आणि त्या वेळी खोलीत व गावात काय चालले होते. दिवा मंद झाला होता का? ऊन होते का? गिरणी सुरू झाली होती का?

आठ-दहा नोंदी झाल्या, की वही आपोआप बोलू लागते. दर वेळी वीस-पंचवीस मिनिटांनीच बंद पडतो आणि लगेच पुन्हा सुरू केला तर पाच मिनिटांतच पडतो, असे दिसले तर ती उष्णता समजावी, कारण यंत्र पुरते थंड व्हायला वेळ मिळालेला नसतो. मिनिटांचा काही मेळ नाही, पण गिरणी किंवा पाण्याची मोटार चालू होण्याच्या वेळेशी मेळ बसतो, तर वीज समजावी. टेबल हलले की बंद पडतो, तर वायर ढिली समजावी.

संगणकसुद्धा स्वतःची एक वही ठेवतो बरे का! विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची जागा आहे. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' किंवा '६००८' अशी नोंद सापडली, तर मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, असा तिचा अर्थ. '१०७४' ही नोंद असेल तर कोणा माणसाने किंवा एखाद्या प्रोग्रामने सांगून ते बंद करवले. पण एक ध्यानात ठेवावे. ४१ ही नोंद 'कसे' ते सांगते, 'का' ते सांगत नाही. पंचनाम्यात माणूस विहिरीत सापडला एवढे लिहिलेले असते, ढकलले कोणी ते शोधावेच लागते.

संशयित पहिला: वीज

आपल्या घरात आणि शाळेत येणारी वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची असावी असे ठरलेले आहे. पण खेड्यात ती कधी खाली जाते, कधी वर जाते. विजेची मोटार सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढते. त्या क्षणी त्याच तारेवरचे दिवे मिचकावतात. दिवा नुसता मिचकावतो, पण संगणक मात्र थांबतो.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे यूपीएस आहे की! तो तर यासाठीच असतो. खरे आहे. पण यूपीएसच्या पोटात १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते आणि ती साधारण तीन-चार वर्षांत म्हातारी होते. व्होल्टेज खाली गेले की यूपीएस "टक्" असा आवाज करून बॅटरीवर जातो. बॅटरीत दम नसेल तर त्याच क्षणी सगळे बंद. म्हणजे जो रक्षक म्हणून ठेवला तोच घात करतो!

याची परीक्षा सोपी आहे. संगणक काढून ठेवावा. यूपीएसला जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा तारेचा दिवा मोठ्या माणसांनी लावावा आणि भिंतीवरचे बटण बंद करावे. दिवा पाच-दहा मिनिटे जळला तर बॅटरी ठीक. लगेच विझला तर आजारी कोण ते कळले. बॅटरी बदलायला नव्या संगणकाच्या किमतीचा लहानसा तुकडा पुरतो.

त्याचबरोबर प्लग, एक्स्टेंशन बोर्ड आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. संगणकाच्या पेटीला हात लावल्यावर बारीक मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजावे. ही गोष्ट संगणकासाठीच नव्हे, आपल्या जिवासाठीही महत्त्वाची आहे. तसे आढळले तर त्या दिवशी यंत्र चालवूच नये.

संशयित दुसरा: उष्णता

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो काम करताना तापतो. त्याच्यावर ॲल्युमिनियमचा फटी-फटींचा तुकडा बसवलेला असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. त्यावर पंखा असतो. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये एक राखाडी किंवा पांढरी पेस्ट लावलेली असते, ती उष्णता पुढे पोहोचवते. काही वर्षांनी ही पेस्ट वाळून खडूसारखी होते. फटींमध्ये खडूची पूड, मैदानावरची धूळ आणि कोळ्यांची जाळी साचते. मग उष्णता आतच कोंडते.

फार तापले की प्रोसेसर आधी आपले काम हळू करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर जळून जाऊ नये म्हणून सगळे यंत्र एकदम बंद करवतो. बऱ्याच प्रोसेसरांची ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. म्हणजे आपण ज्याला बिघाड म्हणतो ते कधी कधी यंत्राचे शहाणपण असते. उन्हात काम करणारा गडी घेरी येण्याआधी झाडाखाली बसतो. त्याला आळशी म्हणावे काय?

आपल्या संगणक खोलीवर पत्रा आहे. उन्हाळ्यात खोलीच ४२ अंशांवर गेली, तर आतला पंखा ४२ अंशांचीच हवा मारणार. पंखा हवा हलवतो, थंड करून आणत नाही. म्हणून उन्हाळ्यात तो जास्त वेळा बंद पडतो की काय, हे वहीत बघितले पाहिजे.

परीक्षा अशी. संगणक चालू करताना जी पहिली निळी-करडी पाटी उघडता येते तिला बायोस म्हणतात. पुष्कळ संगणकांत तिथे प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचा वेग दिसतो. तापमान भराभर चढत ८०-९० च्या पुढे निघाले, तर दुसरे काही बघायचे कारणच नाही. साफसफाई करावी आणि पेस्ट नवी लावावी. पेस्टची छोटी नळी शे-दोनशे रुपयांत मिळते.

संशयित तिसरा: पोटातला वीजपुरवठा

संगणकाच्या मागच्या बाजूला जिथे काळी वायर लागते, तिथे आत एक पत्र्याचा डबा असतो. त्याला एसएमपीएस म्हणतात. तो २३० व्होल्टची वीज घेऊन तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज करतो. म्हणजे मोठ्या कालव्याचे पाणी पाटात आणि पाटाचे पाणी सरीत सोडावे तसे. यात पाच टक्के इकडे-तिकडे चालते. १२ च्या जागी ११.४ ते १२.६ आणि ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५ चालेल. याच्या खाली गेले तर संगणक तग धरत नाही. जाणकार माणूस मल्टिमीटर लावून दोन मिनिटांत हे सांगतो. मात्र संगणक काम करीत असताना मोजावे, कारण म्हातारा बैल मोकळा असताना नीट चालतो, ओझे लादल्यावरच बसतो.

याच जातीचा दुसरा दोष म्हणजे फुगलेले कपॅसिटर. मुख्य बोर्डावर छोट्या पिंपांसारखे भाग उभे असतात. त्यांचे डोके सपाट असले पाहिजे. डोके फुगलेले असेल किंवा त्यातून तपकिरी चिकट गळालेले असेल, तर ते कामातून गेले. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या अनेक कंपन्यांच्या बोर्डांत हा दोष फार आढळला. हे बघायला कोणतेही हत्यार लागत नाही. पेटी उघडायला मोठे माणूस आणि आपले दोन डोळे पुरेत.

संशयित चौथा: किरकोळ वाटणारे

रॅमची पट्टी खाचेत नीट बसलेली नसली किंवा तिचे सोनेरी दात मळले, की निळा पडदा येतो. पट्टी काढून ते दात साध्या खोडरबराने हलके पुसतात, चुरा झटकतात आणि पट्टी दोन्ही बाजूंनी "खट्" होईपर्यंत बसवतात. तरी शंका राहिली तर रॅम तपासण्याचा प्रोग्राम रात्रभर चालवावा.

आणखी एक गंमत सांगते. संगणकाचे चालू करण्याचे बटण चार सेकंद दाबून धरले, की तो जबरदस्तीने बंद होतो. अशी सोय मुद्दाम केलेली असते. आता आपण पोरे ते बटण अंगठ्याने, पेनाने, कशानेही दाबतो. ते घासून आत अडकले तर संगणकाला वाटते, कोणी तरी धरून ठेवले आहे. मग तो आज्ञा पाळतो आणि बंद होतो! असा आज्ञाधारक विद्यार्थी भंगारात द्यायचा काय?

तारीख-वेळ मागे जाते ती मात्र वेगळी गोष्ट. बोर्डावर रुपयाएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, तो संपला की तारीख चुकते. बंद पडण्याशी त्याचा बहुधा संबंध नसतो. दोन दुखणी एकाच वेळी असली म्हणजे ती एकाच कारणाने झाली असे नाही.

व्हायरस, व्हायरस!

काही झाले की "व्हायरस असंल" म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. पूर्वी "बाहेरचं काही असेल" म्हणत तसेच हे. याला एक सोपी कसोटी आहे. संगणक बायोसच्या पाटीवर नेऊन तसाच अर्धा-एक तास चालू ठेवावा. तिथे विंडोज सुरूच झालेली नसते, म्हणून विंडोजमधला व्हायरसही नाही आणि ड्रायव्हरही नाही. तरीही बंद पडला, तर दोष यंत्रात किंवा विजेत आहे हे ठरले. तिथे टिकला आणि विंडोजमध्येच पडतो, तर प्रणालीचा संशय वाढतो. पण बायोसमध्ये काम हलके असते, म्हणून यंत्र पूर्ण निर्दोष सुटले असे मात्र समजू नये.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पंखा साफ केला, रॅम पुसली, प्लग बदलला, विंडोज नवी टाकली, हे सगळे एकाच दिवशी केले आणि संगणक बरा झाला, तर कशाने बरा झाला हे कोणालाच कळणार नाही. पुन्हा बिघडला की पुन्हा तेवढाच खर्च.

मोठ्यांचे संगणकही बंद पडत होते

कोणाला वाटेल, बंद पडणारा संगणक म्हणजे अगदी टाकाऊच. तर इतिहास ऐका. अमेरिकेत १९४६ साली एनिॲक नावाचा प्रचंड संगणक लोकांपुढे आला. त्यात जवळजवळ १८,००० काचेच्या नळ्या होत्या आणि त्या सारख्या जात असत. तिथल्या लोकांनी बारकाईने पाहिले, तेव्हा नळ्या जास्त करून यंत्र तापताना आणि निवताना जातात असे दिसले. मग त्यांनी काय केले? यंत्र फेकले नाही. ते शक्यतो बंदच करायचे नाही असे ठरवले. १९५४ साली तो सलग ११६ तास न बिघडता चालला, आणि तो त्याचा विक्रम ठरला. म्हणजे पाच दिवससुद्धा पुरे नाहीत!

दुसरी गोष्ट १९४७ सालची. हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकात ९ सप्टेंबरला बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला, दिव्यावर येतो तो कीटक. तिथल्या लोकांनी तो पतंग नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली नोंद केली. बिघाडाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची रीत तंत्रज्ञांत त्याआधीपासून होती, पण या वेळी खराच किडा सापडला. ती वही आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. यंत्र जाते आणि वही राहते, ती अशी.

आपल्या महाराष्ट्रातही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक आपल्याच माणसांनी बनवून चालू केला. आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेत १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक झाला. तो घडवणाऱ्यांचे प्रमुख विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातले. खेड्यातला माणूस महासंगणक बनवू शकतो, तर खेड्यातली शाळा एका संगणकाची नाडी बघू शकणार नाही काय?

काय करू नये

मित्रांनो, इथे मात्र नीट वाचा. एसएमपीएसचा डबा आपण कधीही उघडायचा नाही. वायर काढली तरी त्याच्या आत वीज साठून राहिलेली असते आणि ती जोराचा झटका देते. पेटी उघडणे, मीटर लावणे, वायरिंग बघणे ही कामे गुरुजी, वायरमन किंवा जाणकार काका यांचीच. पेटी उघडण्याआधी वायर भिंतीतून काढावी, नुसते बटण बंद करून भागत नाही. ओला कपडा आत लावू नये, कोरडा मऊ ब्रश वापरावा. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलतेच जोरात फिरून खराब होते. रॅमला हात लावण्याआधी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते.

आणि हे सगळे करण्याच्याही आधी, आतली महत्त्वाची माहिती पेन-ड्राइव्हवर उतरवून घ्यावी. लिहिणे चालू असताना वीज गेली तर हार्ड डिस्कवरची माहिती खराब होऊ शकते. घराला आग लागली तर आधी माणसे बाहेर काढतात, मग भांडी.

विरुद्ध बाजूचे म्हणणे

माझ्या मताविरुद्ध काही मोठी माणसे बोलतात. त्यांचे म्हणणे मी टाळत नाही.

कोणी म्हणतात, "जुन्याला किती दिवस टेकू द्यायचा?" बरोबर आहे. मुख्य बोर्डच गेला असेल आणि दुरुस्तीचा खर्च अर्ध्या नव्या संगणकाएवढा येत असेल, तर मी स्वतः म्हणेन, नवा घ्या. पण तेव्हा आपण कारण माहीत असल्यामुळे घेऊ, कंटाळा आल्यामुळे नव्हे.

कोणी म्हणतात, "जुन्यावर नवी विंडोज चालत नाही." हेही काही अंशी खरे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. परंतु लिनक्स ही मोफत प्रणाली आहे, तिचे हलके प्रकार जुन्या यंत्रावरही चालतात. आम्हाला मराठी टंकलेखन, चित्रे आणि गणिताचे खेळ यांसाठी तेवढे पुष्कळ आहे.

कोणी म्हणतात, "दुकानदारच म्हणाला, नवा घ्या म्हणून." दुकानदार नवा घ्याच म्हणणार! त्याने आमचा संगणक उघडूनसुद्धा पाहिला नाही. न बघता सांगितलेले निदान फुकट मिळाले तरी महाग पडते.

शिवाय भंगाराचेही बघा. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुन्हा कामी आल्याची नोंद आहे ती फक्त २२.३ टक्क्यांची. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. असा कचरा नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडेच गेला पाहिजे. तांब्यासाठी वायरी जाळल्या की विषारी धूर होतो, आणि तो आपल्याच पोराबाळांच्या नाकात जातो. तेव्हा द्यायची वेळ आलीच तर योग्य ठिकाणी द्या.

माझी सूचना

शाळा व्यवस्थापन समितीला आणि पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. फक्त पंधरा दिवस द्या. पहिल्या आठवड्यात आम्ही सातवीची मुले-मुली वही भरू. त्यानंतरच्या शनिवारी गुरुजी, वायरमन आणि गावातले एखादे जाणकार दादा यांच्या देखरेखीखाली प्लग, यूपीएस, तापमान, धूळ आणि कपॅसिटर, याच क्रमाने, फुकटापासून खर्चाकडे तपासणी व्हावी. एका वेळी एकच बदल व्हावा. जे सापडेल ते आम्ही याच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावू. मग पालकसभेने काय तो निर्णय घ्यावा. निर्णय नवा घेण्याचा झाला तरी आम्ही आनंदाने टाळ्या वाजवू. कारण त्या वेळी नवा संगणक कोणत्या प्लगाला लावायचा, हे तरी आपल्याला ठाऊक असेल.

वर्गबंधूंनो, आपले काम एवढेच. बंद पडला की "अरेरे" म्हणून खेळायला पळायचे नाही. आधी वहीत वेळ लिहायची, मग पळायचे.

माझे विचार पटले तर सांगा, नाही पटले तर शेजारच्या रिकाम्या कागदावर आपले मत अवश्य लिहा. पेन्सिल दोरीला बांधलेली आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी